मोठ्या पंपाची गाडी

ट्रक घ्यायचा विचार मुळात दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुरुंद्याच्या अलीकडे त्यांचं गाव. घरी थोडी शेती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मेंढरं. पूर्वी पिकं निघाली की शेतकरी स्वतः बोलवायला यायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. लेंड्यांच्या खताला मागणी होती. पुढे कालव्याचं पाणी आलं, हळद आणि ऊस वाढला, रान वर्षभर हिरवं राहू लागलं. हिरव्या रानात मेंढरांना कोण बोलावतो? नुसत्या बांधावरून कळप नेला तरी लोक काठ्या घेऊन उभे राहायचे. शेवटी दाजींनी अर्ध्याहून जास्त मेंढरं विकली आणि मला निरोप पाठवला.

मी तेव्हा वसमतच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. हळदीची पोती मोंढ्यातून, म्हणजे बाजार समितीतून, उचलायची आणि बाहेरगावी पोचवायची, हे माझं काम. दाजी म्हणाले, "दुसऱ्याची गाडी किती दिवस हाणता, पाव्हणं? आपलीच घेऊ." नांदेडला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे जुना ट्रक निघाला होता. तो आम्ही घेतला. कागद दाजींच्या नावावर, गाडी मी चालवायची, कमाई दोघांची. ही नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं.

गाडी दिसायला बरी नव्हती. तोंड एका रंगाचं, मागचा फाळका दुसऱ्या रंगाचा. ड्रायव्हरच्या सीटवर आक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, घोंगडी अंथरून दिली. दाजी बाजूला बसायचे, पायाशी काठी ठेवून. काठीची गाडीत काय गरज, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी काठी बाजूला सरकवली, पण उतरवली नाही.

रिकामी असली की गाडी चांगली चालायची. माल भरला की चढावर तिचा आवाज बारीक होत जायचा, दोन-तीन हिसके बसायचे आणि ती बंद पडायची. मग मी खाली उतरून चाकामागे दगड लावायचा, डिझेल पंपाच्या बाजूचा स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप दाबत राहायचा. स्क्रूच्या कडेनं आधी फेस यायचा. फेस संपून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. डिझेलच्या नळीत शिरलेली हवा अशी घालवायची, याला हवा काढणं म्हणतात. हवा काढली की गाडी चालू व्हायची, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. माझ्या हातांना डिझेलचा वास कायमचा बसला. जेवताना बायको म्हणायची, भाकरीलाबी डिझेल लागलंय.

औंढ्याच्या पुढे डोंगराचा भाग आहे. तिथला चढ फार मोठा नाही, पण आमच्या गाडीला तो पुरेसा होता. हळदीच्या हंगामात हिंगोलीला माल घेऊन जाताना त्या चढावर आम्ही इतक्या वेळा थांबलो की शेजारच्या शेतातली माणसं ओळखीची झाली. त्यातला एक जण आमची गाडी दिसली की पाण्याची घागर घेऊन बांधावर यायचा. दाजींना या गोष्टीची लाज वाटायची. ते पाणी पीत नसत.

एक दिवस ते म्हणाले, "आपल्या गाडीत दम न्हाई. काहीतरी करा."

आम्ही नांदेडला गेलो. तिथे एक मिस्त्री फक्त डिझेल पंपाचं काम करायचे. वयस्क, बुटके, जाड भिंगाचा चष्मा. दुकान लहान, पण फरशी स्वच्छ. चपला बाहेर काढाव्या लागत. गाडीच्या कामाच्या ठिकाणी चपला काढायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मिस्त्रींनी आमचा पंप उतरवला, उघडला आणि आतले पोलादी दट्टे काढून दाखवले. बोटाएवढे जाड असतात ते. डिझेल दाबून नोझलकडे, म्हणजे इंजिनात ते फवारणाऱ्या तोंडांकडे, पाठवायचं त्यांचं काम. बोली भाषेत एलिमेंट म्हणतात. आमच्या दट्ट्यांवर ओरखडे होते.

"घासून गेलेत," मिस्त्री म्हणाले. "हेच नवे टाकून देतो, नोझल बदलतो. गाडी पहिल्यासारखी होते."

"पहिल्यासारखी म्हंजे कशी?" दाजींनी विचारलं.

"कंपनीतून निघाली तशी."

दाजींना ते पटलं नाही. कोपऱ्यात पोत्यावर एक दुसरा पंप ठेवलेला होता, आमच्यापेक्षा अंगानं मोठा. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"तो मोडीतल्या मोठ्या गाडीचा," मिस्त्री म्हणाले. "तो बी बसते तुमच्या इंजिनवर. ब्रॅकेट बदलावा लागते. त्याच्यासंगं मोठ्या छिद्राचे नोझल. डिझेल जास्त टाकते, जोर जास्त देते."

"आन् तोटा?"

"डिझेल जास्त खाते. इंजिन गरम होते. धूर मारते. ज्याचा त्याचा हिशोब असते, भाई. मला दोन्ही बसवता येते."

माझा विचार वेगळा होता. फिल्टरची वाटी उघडली की मला दर वेळी तळाशी गंजाचा चुरा आणि पाण्याचे थेंब दिसायचे. आमच्या भागात तेव्हा डिझेल बऱ्याचदा गावातल्या ड्रमातूनच घ्यावं लागे. त्यात रॉकेल असे, पाणी असे, आणखी काय असे ते देव जाणे. मी म्हणालो, "आधी टाकी उतरवून धुऊ. पाणी वेगळं करणारा एखादा फिल्टर लावू. मग पंपाचं बघू."

दाजी हसले. "पाव्हणं, टाकी धुऊन कुणी चढ चढत असतं का?"

दुकानातली दोन माणसंही हसली. मी विषय सोडून दिला. वयानं दाजी मोठे, आणि आमच्यात बहिणीच्या नवऱ्यापुढं शब्दाला शब्द लावत नाहीत. शिवाय पैसा जास्त त्यांचा होता. मिस्त्रींनी नोझल तपासायच्या यंत्रावर मोठ्या छिद्राचं नोझल लावलं आणि दांडा दाबला. डिझेलचं बारीक धुकं उडालं. दाजींनी ते बघायला बोट पुढं केलं, तशी मिस्त्रींनी त्यांच्या हातावर जोरात चापट मारली.

"बोटात घुसते ते! चामडी फाडून आत जाते. मग बोट काटावं लागते."

मोठ्या माणसाच्या हातावर कुणी चापट मारलेली मी पहिल्यांदाच बघितली. दाजी रागावले नाहीत. उलट त्या धुक्याकडे त्यांनी जास्तच आदरानं पाहिलं. मला वाटतं, निर्णय तिथेच झाला. मोठा पंप आणि मोठे नोझल बसवायचे ठरले. जुना पंप मिस्त्रींनी बदल्यात ठेवून घेतला.

गाडी खरंच बदलली. पहिल्याच खेपेला औंढ्याचा चढ ती हळदीच्या भरल्या मालानिशी न थांबता चढली. घागरवाला माणूस बांधावर आला, तोवर आम्ही पुढं गेलो होतो. दाजींनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला हाक मारली. वसमतच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर मागं पडू लागले. धूर मात्र असा काळा निघायचा की आरशात मागचा रस्ता दिसत नसे. गावातले लोक आमच्या गाडीला आगगाडी म्हणू लागले. दाजी म्हणायचे, "धूर म्हंजे ताकत. चुलीत जाळ असला तर धूर निघंल ना."

त्या हंगामात गाडी दोनदा मध्येच बंदही पडली होती. तेच जुने हिसके, तीच हवा. पण एरवीचा जोर इतका होता की त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही बोललो नाही. डिझेलचा खर्च वाढला होता आणि उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर जाऊन बसायचा. मी पाण्याचे दोन जादा डबे ठेवायला लागलो, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात बकरी ईदच्या आधी हिंगोलीचा बाजार चांगला भरणार होता. हैदराबादकडचे व्यापारी येणार असं कळलं. दाजींनी स्वतःची काही मेंढरं काढली आणि चुलत भावांचीही घेतली. चालवत नेली असती तर वाटेत चारा नव्हता आणि वजन घटलं असतं. म्हणून गाडीत भरायचं ठरलं. पहाटे गावाबाहेर गाडी उभी केली, फाळक्याला फळी लावली, आणि दाजींनी जिभेनं एक आवाज काढला. पहिली मेंढी फळीवर चढली, तशा सगळ्या तिच्या मागं आत गेल्या. आक्का बाजूला उभी होती. तिनं दोन-तीन मेंढ्यांच्या डोक्यावर हात फिरवला. ती त्यांना नावानं ओळखायची.

औंढ्यापर्यंत काही झालं नाही. ऊन चढलं होतं. चढाच्या मध्यावर आवाज बारीक झाला, हिसके बसले आणि गाडी थांबली. मी दगड लावला, हवा काढली, गाडी चालू केली. मागून काळा लोट उठला. वारा नेमका आमच्या पाठीमागून होता. धूर मागं जायच्या ऐवजी गाडीच्या अंगावर परत यायचा आणि फळ्यांच्या फटींतून हौद्यात शिरायचा. शंभर पावलं गेलो असू, परत बंद. पुन्हा हवा काढली. पुन्हा चालू केली. भरल्या गाडीला चढावर उचलायचं म्हणजे ॲक्सिलेटर दाबूनच ठेवावा लागतो, आणि जितका दाबावा तितका धूर. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी खाली उतरत होतो, इतक्यात दाजी म्हणाले, "थांबा."

मी थांबलो. त्यांनी मान वाकडी केली आणि ऐकत राहिले.

"मेंढरं बोलून न्हाई राहिली."

खरंच, मागून आवाज येत नव्हता. सकाळपासून चाललेलं बें-बें बंद झालं होतं. दाजी चाकावर पाय देऊन वर चढले, आत पाहिलं आणि ओरडले, "फाळका खोला! फाळका खोला लवकर!"

मी धावत जाऊन कड्या काढल्या. पुढची मेंढरं उड्या मारून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन खोकत उभी राहिली. मेंढीला माणसासारखा खोकला येतो. मागची काही खाली बसलेली होती. दाजींनी एकेकीला पुढच्या पायांना धरून बाहेर ओढलं, बाभळीच्या सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. मीही ओढत होतो. इंजिनसाठी ठेवलेलं पाणी सगळं तिथंच संपलं. घागरवाला माणूस चढाच्या खाली बांधावर दिसला, त्याला हाक मारली. तो पळत आला. या वेळी दाजींनी घागर त्याच्या हातातून काढूनच घेतली.

बऱ्याच मेंढ्या उठल्या. चार उठल्या नाहीत. धुरानं, की उन्हानं, की दाटीनं, ते कोणालाच सांगता आलं नसतं. त्यातली एक चुलत भावाची होती. दाजी तिच्याजवळ उकिडवे बसले, तिच्या पोटावर हात ठेवून. बराच वेळ तो हात हलला नाही. मग ते उठले, गाडीतली पहार घेतली आणि रस्त्याच्या कडेला मुरमात खड्डा खणायला लागले. मी आणि तो घागरवाला माती उपसत होतो. खड्डा बुजवून झाल्यावर मी म्हणालो, "दाजी, भरायची का बाकीची? हवा काढतो. रिकामी करून चढवू गाडी, मग वर भरू."

"न्हाई."

"बाजार हुकंल."

"हुकू द्या."

त्यांनी गाडीतून काठी काढली. खांद्यावर घोंगडी टाकली, सीटवर होती ती. जिभेनं तोच आवाज काढला, आणि विखुरलेली मेंढरं गोळा होऊन त्यांच्या मागं चालू लागली. चढ ते पायी चढले. मी रिकामी गाडी चालू केली आणि कळपाच्या मागं हळूहळू नेऊ लागलो, कोणी वाहनवाला मागून येऊन धडकू नये म्हणून. थोडं अंतर गेल्यावर दाजी वळले आणि मला हातानं पुढं जायची खूण केली. मी जवळ जाऊन गाडी थांबवली.

"तुमी जा म्होरं. हिच्या आवाजानं बिथरून राहिलीत ती."

त्याआधी ते नेहमी 'आपली गाडी' म्हणायचे. त्या दिवशी 'ही' म्हणाले. मी पुढं गेलो.

हिंगोलीला मी मोंढ्याजवळ गाडी लावून थांबलो. गावात बातमी कशी पोचली माहीत नाही, बहुधा औंढ्याच्या एसटीतून कोणी सांगितली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का एसटीनं आली, हातात भाकरीचं गाठोडं. स्टँडवरून चालत मला शोधत आली. तिनं पहिलं विचारलं, "माणूस बरा हाय ना?"

"बरे हायेत. चालत येऊन राहिले."

मग तिनं कोणत्या मेंढ्या गेल्या ते विचारलं. मला नावं माहीत नव्हती. मी रंग आणि शिंगं सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं.

दाजी दुपारी आले. रात्री कुठल्याशा पडीक रानात मुक्काम केला होता. बाजार उलगून गेला होता, तरी एक व्यापारी मागं राहिला होता, त्यानं चुलत भावांची मेंढरं घेतली. दाजींनी स्वतःची विकली नाहीत. आम्ही तिघं गाडीच्या सावलीत भाकरी खायला बसलो. दाजी गाडीकडे पाठ करून बसले. आक्का म्हणाली, "आता घरी चला."

"म्या कळमनुरीच्या अंगानं जातो. तिकडं माळाला थोडा चारा हाय म्हणत्यात. चरवत चरवत येईन."

"किती दिवसांनी?"

"येईन."

"आन् गाडीचं?"

"गाडीचं मला इचारू नका. पाव्हणं बघतील काय करायचं ते."

आक्का माझ्याकडं वळली. "मंग म्या येते तुझ्यासंगं. त्या नांदेडच्या माणसाला मला बघायचंय."

भाकरी संपवून, हात धुऊन, दाजी मेंढरं घेऊन निघाले.

आक्का इतक्या लांबच्या रस्त्याला कधी ट्रकमध्ये बसली नव्हती. केबिनमध्ये चढताना तिनं आधी पायरीला हात लावून नमस्कार केला. वाटेत एका ठिकाणी आरशात काळा धूर बघून म्हणाली, "ह्याच्यात बसून कसं राहावं त्या जिवांनी?" मी गाडी रिकामी असूनही हळू चालवली.

मिस्त्रींनी आम्हाला ओळखलं. आक्कानं चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन सरळ विचारलं, "भाऊ, धूर जावा आन् गाडी चालावी, एवढंच करायचं. काय काय बदलावं लागंल?"

मिस्त्री म्हणाले, "जुना पंप तर गेला माई, दुसऱ्या गाडीवर चढला. पण हाच पंप ठेवून मी त्याच्यात लहान एलिमेंट टाकतो. मशीनवर डिझेलची मात्रा कमी करून बांधतो. नोझल तुमच्या इंजिनच्या मापाचे. धूर जाते. जोर बी जाते थोडा."

"जाऊ द्या."

"नोझल कोणते? एक कंपनीचे, एक इथले बनवलेले."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी कंपनीचे म्हणालो. गेल्या वेळी आम्ही इथलेच घेतले होते. त्यातले दोन टपकत होते, हे मिस्त्रींनी यंत्रावर लावून दाखवलं. धुकं उडायच्या ऐवजी थेंब पडत होते. टपकणारं नोझल म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे धूर. तांब्याचे वॉशर नवे घ्यायचे, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप तपासायचा, पाणी धरणारी काचेची वाटी असलेला जादा फिल्टर टाकी आणि पंपाच्या मध्ये बसवायचा, हे मी सांगत गेलो. सायलेन्सरचं तोंड लांबवून हौद्याच्या मागं न्यायचं ठरलं. आणि टाकी उतरवायची.

टाकी उतरवायचं काम शेजारच्या गॅरेजमध्ये झालं. डिझेल काढून घेतलं, टाकी उलटी केली, तेव्हा आधी गंजाचे पापुद्रे पडले, मग काळपट पाणी, आणि मग काही येईना. गॅरेजवाल्यानं आत तार घातली आणि फिरवली. तारेला गुंडाळून गोणपाटाचा एक तुकडा बाहेर आला. तळहातापेक्षा थोडा मोठा, डिझेलनं जड झालेला. टाकीचं झाकण हरवलं की लोक गोणपाट कोंबतात, तसं कधीतरी कोणी कोंबलं असेल आणि ते आत पडलं असेल. जुन्या मालकाच्या वेळी, की आमच्या, ते कळायला मार्ग नव्हता.

गॅरेजवाला म्हणाला, "हे नळीच्या तोंडावर येऊन बसत असणार. चढावर डिझेल मागं सरकतं, त्याच्यासंगं हे बी. नळी बंद. गाडी बंद. तुमी हवा काढेपर्यंत हे सुटून बाजूला जातं."

मी तो तुकडा बघत उभा राहिलो. आक्का बाजूलाच होती. तिला सगळं कळलं, कारण ती मला म्हणाली, "म्हंजे पंप बदलायचं कामच नव्हतं?"

"पंप घासलेला होता. पण चढावर बंद पडायचं कारण हे होतं."

ती म्हणाली, "हे त्यांना सांगायचं का न्हाई, ते तू ठरव. म्या सांगणार न्हाई."

काम पूर्ण व्हायला दोन दिवस लागले. आक्का धर्मशाळेत राहिली आणि दिवसा दुकानात येऊन बसली. मिस्त्रींनी पंप मशीनवर चढवला, तेव्हा तिनं जवळ जाऊन पाहिलं. काचेच्या नळ्या एका ओळीत असतात. पंपाच्या प्रत्येक तोंडातून निघणारं डिझेल आपापल्या नळीत पडतं, आणि सगळ्या नळ्यांत पातळी सारखी येईपर्यंत मिस्त्री स्क्रू फिरवत राहतात. पातळी सारखी झाली तेव्हा आक्का म्हणाली, "लेकरायला सारखं वाढल्यावानी." मिस्त्री पहिल्यांदाच हसले.

गाडी घेऊन परतलो. धूर पातळ झाला होता. चालू करताना थोडा करडा, मग दिसतही नसे. जोर कमी झाला होता, हे खरं. पुढच्या आठवड्यात हळदीची पोती भरून औंढ्याचा चढ चढलो, खालच्या गिअरमध्ये, हळूहळू. मागं दोन एसटी हॉर्न वाजवत राहिल्या. पण गाडी थांबली नाही. त्यानंतर त्या चढावर ती कधीच थांबली नाही.

दाजी पावसाच्या तोंडाशी परत आले. काळे पडले होते, वजन उतरलं होतं. मेंढरं मात्र चांगली भरली होती, आणि वाटेत दोन-तीन मेंढ्या व्यायल्या होत्या. कोकरं त्यांनी घोंगडीत घालून आणली. मी त्यांना भेटायला गेलो. चहा झाला. मी गोणपाटाचं सांगितलं. सांगायचं की नाही याचा मी फार विचार केला नव्हता; गाडी दोघांची होती, टाकीत काय निघालं ते दोघांना माहीत असायला हवं, एवढंच.

ते ऐकून दाजींनी कप खाली ठेवला. "एवढंसं?" त्यांनी तळहात दाखवला.

"थोडं मोठं."

"तुमी टाकी धुवा म्हणले होते."

"गंजासाठी म्हणलो होतो. ह्याचं मलाबी माहीत नव्हतं."

ते कोकरांकडे बघत राहिले. एक कोकरू त्यांच्या धोतराचं टोक चघळत होतं, ते त्यांनी सोडवलं नाही. मग म्हणाले, "गाडी तुमी ठेवा. माझ्यानं न्हाई होणार आता. म्या आपला हाय तोच बरा हाय." मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, फार जोर लावून नाही. त्यांनी ठरवलेलं होतं. त्यांचा हिस्सा मी हंगामाहंगामाला फेडला. यावरून घरात कधी वाद झाला नाही. आक्कानं एकदा एवढंच म्हटलं की बरं झालं, मेंढरांमागं हिंडल्याशिवाय त्यांना दिवस काढता येत नव्हते.

गाडी पुढं बरीच वर्षं चालली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, रस्त्यावर नव्या गाड्या वाढल्या. माझी तीच. दर काही महिन्यांनी काचेच्या वाटीतलं पाणी सोडायचं, फिल्टर बदलायचा, डिझेल गावच्या ड्रमातून घ्यायचं नाही, एवढ्यावर ती टिकली. दोन हजारनंतर कधीतरी वसमतला एक जण जुन्या गाड्यांना टर्बो बसवून द्यायला लागला. माझ्या ओळखीच्या दोन ड्रायव्हरांनी बसवला. मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो, त्यानं सगळं समजावून सांगितलं, किती जोर वाढतो, किती डिझेल वाचतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चहा पिऊन मी परत आलो. गावात नव्या टेम्पोंनी लहान भाडी घेतली, मोठी भाडी मोठ्या गाड्यांनी. शेवटी इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला आणि मी ती मोडीत काढली. पंप वेगळा विकला. तो चालू होता.

आता मी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर आहे. नवी गाडी, पंपाला सील. काही बिघडलं की कंपनीचा माणूस संगणक जोडून बघतो. दाजी साठीच्या पुढं गेलेत. कळप लहान आहे, पण आहे. उन्हाळ्यात ते कळमनुरीच्या माळावर असतात. त्या बाजूचं भाडं लागलं तर मी गाडी रस्त्यावर उभी करून, इंजिन बंद करून, रानातून चालत त्यांच्यापर्यंत जातो. ते विचारतात, "कुठला माल?" मी सांगतो. मग आम्ही थोडा वेळ बसतो.